मुंबई ते लंडन : सगळ्यात जवळची वाट आणि उडता येणारी वाट

लंडनमध्ये उभं राहून होकायंत्र हातात घ्या आणि तोंड बरोबर पूर्वेकडे करा. आता कुठेही डावीउजवीकडे न वळता, नाकाच्या सरळ रेषेत पृथ्वीच्या पाठीवरून निघालात, तर सात हजार किलोमीटरनंतर कुठे पोचाल? पोलंड, युक्रेन, कझाकस्तान करत सैबेरियात, असं बहुतेक जण सांगतील. खरं उत्तर आहे मुंबई. अगदी काटेकोर हिशेब केला तर अर्ध्या अंशाचा फरक पडतो, तेवढाच.

हे पटकन पटत नाही. लंडन साडेएकावन्न अंश उत्तरेला, मुंबई एकोणीस अंशांवर. म्हणजे मुंबई बत्तीस अंश खाली आहे, मग ती पूर्वेला नाकासमोर कशी येईल? गोम अशी की नकाशावर आडवी सरळ दिसणारी अक्षवृत्ताची रेघ गोलावर सरळ नसतेच. विषुववृत्त सोडलं तर प्रत्येक अक्षवृत्तावरून चालताना माणसाला सतत किंचित ध्रुवाकडे वळत राहावं लागतं. तसं न वळता खरोखर सरळ निघालात की अक्षवृत्त तुमच्यापासून सुटतं आणि तुम्ही हळूहळू दक्षिणेकडे उतरायला लागता. भूगोलाच्या पुस्तकात या खऱ्या सरळ वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोऱ्याची दोन टोकं धरून दोरा ताणा. तो जिथून जाईल ती सगळ्यात जवळची वाट.

या वाटेची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. निरनिराळ्या ठिकाणी पाच-दहा किलोमीटर कमीजास्त आकडे दिसतात, त्यात कोणाची चूक नसते. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. कुणी पृथ्वीला चेंडू धरतं, कुणी तिचं ध्रुवांपाशी चपटं असणं हिशेबात घेतं. विमानवाले मात्र किलोमीटरमध्ये बोलतच नाहीत. त्यांचं माप नॉटिकल मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा विचित्र वाटला तरी त्यामागचा हिशेब सरळ आहे. पृथ्वीच्या केंद्रापाशी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन केला की पृष्ठभागावर जेवढं अंतर होतं तेवढा एक नॉटिकल मैल. मुंबई आणि लंडन यांच्यामधला केंद्राशी होणारा कोन जवळपास ६५ अंशांचा आहे. त्याला ६० ने गुणा, ३,९०० नॉटिकल मैल. झालं अंतर.

आता ही दोऱ्याची वाट जरा जवळून पाहू. सांताक्रूझहून वायव्येला निघालं की ती सौराष्ट्र ओलांडून कच्छच्या आखाताशी येते आणि जवळजवळ बरोबर कराचीवरून जाते. पुढे बलुचिस्तान, मग झाहेदानच्या बाजूने इराणमध्ये प्रवेश, आणि आख्खा इराण तिरका कापत थेट कॉकेशस. बरोबर निम्मं अंतर संपतं ते उत्तर आर्मेनियात, जॉर्जियाच्या सरहद्दीजवळ, तिबिलिसीच्या थोडं दक्षिणेला. मुंबई–लंडन प्रवासाचा मध्य आर्मेनियात आहे हे आपल्यापैकी किती जणांना सुचलं असतं? तिथून काळ्या समुद्राचा पूर्वेकडचा भाग, क्रिमिया, युक्रेन, चेक प्रजासत्ताकाची उत्तर बाजू, जर्मनी, बेल्जियम आणि खाडी ओलांडली की लंडन.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर यातलं काहीच लागत नाही. तो नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. १५६९ साली मर्केटरने तो खलाशांच्या सोयीसाठी आखला. त्यावरच्या सरळ रेषेवर होकायंत्राची दिशा शेवटपर्यंत एकच राहते, जहाज हाकणाऱ्याला तेच हवं होतं. या नकाशावरची मुंबई–लंडन रेघ इराणी आखाताच्या तोंडाशी जाते, बगदादवरून सीरियात शिरते, तुर्कस्तानात बुर्साच्या आसपास पोचते आणि बाल्कन देशांवरून वर सरकते. तिची लांबी साधारण ७,४०० किलोमीटर. म्हणजे दोन्हींमध्ये फरक फक्त दोनशे किलोमीटरचा. टोकियो–न्यूयॉर्कसारख्या जोडीत असा फरक प्रचंड होतो, इथे तो किरकोळ आहे. हा दोनशेचा आकडा लक्षात असू द्या.

कारण त्या जवळच्या वाटेवरची नावं पुन्हा वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते : कराची, इराण, क्रिमिया, युक्रेन. आजच्या जगात आकाश बंद होण्यासाठी जी ठिकाणं सगळ्यात प्रसिद्ध आहेत, ती सगळी एका ओळीत मांडून ठेवल्यासारखी या वाटेवर आली आहेत. भूमितीने दिलेली ही रेषा आज कोणतंही प्रवासी विमान शेवटपर्यंत उडू शकत नाही.

आकाश कोणाच्या मालकीचं नसतं ही कल्पना कवितेत ठीक आहे. कायदा वेगळा आहे. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या हवेवर प्रत्येक देशाचं संपूर्ण आणि एकट्याचं सार्वभौमत्व आहे. वरून नुसतं जायचं तरी परवानगी लागते, आणि जाण्याचे पैसे मोजावे लागतात. बहुतेक देश आपल्या हवाई हद्दीतून गेलेल्या विमानाला बिल पाठवतात, आपणही पाठवतो.

आणि करार नंतरचा, अडवाअडवी त्याच्या आधीची. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन–कराची हवाई सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. पण त्यातला एक तुकडा विमानाचा नव्हताच. इटलीने ब्रिटिश विमानांना उत्तरेकडून हवेतून आपल्या हद्दीत शिरायची परवानगी दिली नव्हती, म्हणून बाझेलला उतरून उतारूंनी रेल्वेने जिनोआ गाठायचं आणि तिथून समुद्री विमानात बसायचं. १९३२ मध्ये इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायची मुभा काढून घेतली, तेव्हा त्याच मार्गाला आखात ओलांडून अरबस्तानच्या बाजूला सरकावं लागलं. वाळवंटातल्या शारजाला विमानतळ आला तो यामुळे. त्याच साली, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला उतरले. ते टपाल याच लंडन–कराची विमानातून आलेलं होतं. त्या काळी मुंबईचा माणूस विलायतेला निघाला की बोटीनेच निघे. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर आफ्रिकेचा वळसा वाचला, तरीही ऑक्टोबर १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने गेले तेव्हा लंडनला पोचायला दोन आठवडे लागलेच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, तेही कैरो आणि जिनिव्हा असे दोन मुक्काम घेत.

अलीकडची यादी आपल्या आठवणीतली आहे. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, त्यानंतर तो पट्टा विमानांनी टाळला. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं सगळं आकाशच प्रवासी विमानांना बंद आहे. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर, २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, पाकिस्तानने बहुतेक वाटा बंद ठेवल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा दार लावलं, भारतानेही लावलं, आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्राएलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश एका फटक्यात बंद झालं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एक भारतीय विमान सुमारे तीन तास हवेत राहून परत मुंबईलाच उतरलं. विचार करा, लंडनचं तिकीट, तीन तासांचा प्रवास, आणि खिडकीतून दिसतंय ते विलेपार्ले.

एक गोष्ट यात निसटते ती म्हणजे अशी बंदी सगळ्यांना सारखी नसते. पाकिस्तानने दार लावलं ते भारतीय विमानांना. मुंबईहूनच निघालेल्या ब्रिटिश कंपनीच्या विमानाला कराचीवरून जायला हरकत नाही. म्हणजे एकाच विमानतळावरून, एकाच शहरासाठी, तासाभराच्या अंतराने सुटणाऱ्या दोन विमानांच्या वाटा वेगळ्या, आणि वाटेला लागणारं इंधनही वेगळं. त्यातल्या त्यात मुंबई सुदैवी. तिच्या दारात अरबी समुद्र आहे. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातेपर्यंत यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबईचं विमान थेट समुद्रावर निघतं.

समुद्रावर रस्ते नसतात, पण वाटेची ठिकाणं असतात. विमानाच्या उड्डाण आराखड्यात पाच रोमन अक्षरांच्या नावांची माळ असते, उच्चारता येतील अशी, अर्थ नसलेली. अरबी समुद्रात जिथे मुंबईची हवाई नियंत्रण हद्द संपून मस्कतची सुरू होते, तिथल्या दोन बिंदूंची नावं आहेत ‘पारार’ आणि ‘रास्की’. खाली फक्त पाणी. पण वैमानिकाच्या दृष्टीने ही वेस आहे : इथे मुंबईच्या नियंत्रकाचा निरोप घ्यायचा आणि मस्कतच्या नियंत्रकाला साद घालायची. पश्चिमेकडे जाणारी विमानं सम हजार फुटांवर, चौतीस, छत्तीस, अडतीस हजारांवर, आणि पूर्वेकडे येणारी विषम हजारांवर. समोरासमोर येणाऱ्या दोघांमध्ये हजार फुटांचा मजला राहतो. ओमान, आखात, इराक किंवा सौदी, तुर्कस्तान आणि मग बाल्कन देश, अशी ही पश्चिमेची वाट. मर्केटरच्या नकाशावरची ती पट्टीने मारलेली रेघ आठवली? बगदाद, बुर्सा? शाळकरी पोराने चुकीची काढलेली रेघच आजच्या विमानाला जवळची झाली आहे, आणि ती फक्त दोनशे किलोमीटरने लांब आहे हे मुंबईकरांचं नशीब.

अंतराचं झालं, आता वेळ. आधुनिक जेट विमान वर पोचल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ७,२०० भागिले ९००, आठ तास. मग लंडनला जाताना वेळापत्रक साडेनऊ-दहा तास का सांगतं, आणि येताना तासभर कमी का?

पहिलं कारण वारा. ताशी ९०० हा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नाही. आणि साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरकस झोत वाहत असतो. याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून त्याचं मोजमाप केलं होतं. जगाला कळावं म्हणून १९२६ साली त्याने अहवाल छापला तो एस्परांतो या कृत्रिम जागतिक भाषेत, आणि परिणामी तो फारसा कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर याच झोतात सापडली, तेव्हा कुठे बाकीच्या जगाचे डोळे उघडले.

वाऱ्याबद्दल एक समजूत असते की जाताना तोटा, येताना नफा, म्हणजे हिशेब फिट्टंफाट. तसं होत नाही. मधल्या वाटेवर सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरू. जाताना समोरून, म्हणजे जमिनीवरचा वेग ८००, लागले नऊ तास. येताना पाठीमागून, वेग १,०००, लागले सात तास बारा मिनिटं. बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा मुळीच नसता तर सोळाच तास लागले असते. ही बारा मिनिटं गेली कुठे? समोरचा वारा आपल्याला नऊ तास छळतो आणि पाठीचा वारा फक्त सवासात तास मदत करतो. मदतीचा काळच कमी, त्यामुळे भरपाई कधी पूर्ण होत नाही.

म्हणून उड्डाण आराखडा तयार करणारी माणसं जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर अशी दोन अंतरं मोजतात. समोरच्या वाऱ्यात नऊ तास उडालेलं विमान जमिनीवर ७,२०० किलोमीटर सरकलं तरी हवेतून ते ८,१०० किलोमीटर कापून आलेलं असतं, आणि इंधन जळतं ते या दुसऱ्या आकड्यावर. कधीकधी दीडदोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन वाऱ्याचा झोत टाळला तर तीच वाट स्वस्त पडते. म्हणून कालच्या विमानाची आणि आजच्या विमानाची वाट सारखी नसते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या गोष्टीला एक गमतीचा अपवाद आहे. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर, साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर, वारा नेमका उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. हा पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह आपल्या हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात जगापुढे मांडला. म्हणजे लंडनला जाणाऱ्याला पाठीवर वारा मिळायला हवा. पण तो आहे मुंबईच्या दक्षिणेला आणि विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर, शिवाय मुंबईचं विमान घाईघाईने वायव्येला निघून जातं. हाताला काही लागत नाही.

दुसरं कारण जमिनीवर आहे. वेळापत्रकातला काळ हा हवेतला काळ नसतो. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या टोकाला पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा हा काळ, याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि रांगेत वीसपंचवीस मिनिटं सहज जातात. तिकडे हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, पण त्या काठोकाठ भरलेल्या. तिथे पोचलेली विमानं लंडनभोवतीच्या चार ठरलेल्या जागांवर एकावर एक अशा थरांत घिरट्या घालतात. खालचं विमान उतरायला निघालं की वरची सगळी एकेक पायरी खाली येतात. कंपन्यांना हे सगळं ठाऊक असल्याने त्या वेळापत्रकात आधीच थोडी सूट ठेवतात. ‘विमान नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलं’ अशी घोषणा होते, तेव्हा वैमानिकाने काही मर्दुमकी गाजवलेली नसते. त्या दिवशी सूट वापरावी लागली नाही, इतकंच.

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची लंडनची. दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेपाचला पोचणार हे वाचून साडेचार तासांचा प्रवास समजू नये. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. त्या सात महिन्यांत फरक साडेचार तासांचा. खरं म्हणजे सूर्याच्या हिशेबाने मुंबई लंडनच्या पावणेपाच तासांहून थोडी जास्त पुढे आहे. मुंबईचा स्वतःचा जुना ‘बॉम्बे टाइम’ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होता, तो याच हिशेबाने.

दुपारच्या विमानाने लंडनला जाताना ऊन संपता संपत नाही, त्याचंही गणित आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. लंडनच्या अक्षांशावर हा वेग १,०४० वर येतो. मुंबईजवळ विमान सूर्यापुढे अगदीच मंद, पण युरोपवर पोचेपर्यंत ते जवळजवळ त्याच्या बरोबरीने पळत असतं. उन्हाळ्यात खिडकीतली दुपार तासन् तास तशीच टांगलेली राहते आणि एअर होस्टेस पडदे ओढायला सांगत फिरते. येताना उलट. रात्री नऊला हीथ्रोहून निघालं की जेवणाचे ट्रे उचलून दिवे मंद होतात आणि डोळा लागतो न लागतो तोच खिडकीच्या फटीतून उजाडायला लागतं.

पुणेकराला या सगळ्यात आपले तास वेगळे मिळवावे लागतात. द्रुतगती मार्गाने मुंबईपर्यंतचे दीडशे किलोमीटर, घाटात कंटेनर आडवा झाला तर आणखी वेळ, विमानतळावर तीन तास आधी. इथे आकाशातले सात हजार किलोमीटर आणि जमिनीवरचे दीडशे यांची वेळेच्या बाबतीत बऱ्यापैकी बरोबरी होते.

मग थेट विमान घ्यावं की मधे बदलावं? वेळेचा प्रश्न थांब्याच्या लांबीचा आहे, पण अंतराच्या बाबतीत आपली अटकळ सपशेल चुकते. मुंबई–दुबई १,९२५ किलोमीटर आणि दुबई–लंडन सुमारे ५,५००. बेरीज थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबई वाटेतच आहे, म्हणून तर आखातातल्या विमानतळांचा धंदा एवढा फोफावला. इस्तंबूल त्याहून जवळचं. तिथे विमान बदललं तर एकूण वाट सुमारे शंभर किलोमीटरनेच वाढते. आणि दिल्लीला बदललं तर? मुंबईहून आधी अकराशे चाळीस किलोमीटर उत्तरेला, मग तिथून लंडन ६,७३०. थेट वाटेपेक्षा साडेसहाशे किलोमीटर जास्त. तेही पाकिस्तानचं आकाश उघडं आहे असं धरून. ते बंद असेल तर दिल्लीचं विमान आपल्याला घेऊन पुन्हा गुजरातच्या दिशेने खाली येतं.